तहान लागण्यापूर्वीच विहीर
रुग्णालयातील यंत्रांची सुरक्षा आणि विश्वस्तांचे कर्तव्य

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरच्या रेल्वे स्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते आणि ते साडेतीनशे किलोमीटरांवरील मिरजेहून आले होते. पुढे ‘जलदूत’ या नावाने ही गाडी देशभर ओळखली गेली. त्याआधीच्या मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्या व विहिरींभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लागू करावी लागली होती. ज्या शहराच्या आडत बाजारात तूर, हरभरा आणि सोयाबीनचे भाव रोज ठरतात, त्या शहरात त्या उन्हाळ्यात घागरीचा हिशेब मांडला जात होता.

घरातील पाण्याची टंचाई सर्वांना दिसत होती. रुग्णालयातील टंचाईचा अर्थ मात्र थोड्यांनाच कळतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारणतः १२० लिटर द्रावण लागते. ते अत्यंत शुद्ध पाण्यापासून तयार होते आणि शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी धरले तर गरज त्याहून बरीच मोठी होते. यंत्र उत्तम स्थितीत असेल, तंत्रज्ञ हजर असेल, वीजही असेल. पाणी नसेल तर लाखो रुपयांचे ते यंत्र निव्वळ शोभेची वस्तू ठरते. यंत्र स्वतःच्या बळावर चालत नाही, त्याच्या मागे न दिसणाऱ्या गोष्टींची एक साखळी उभी असते, हा त्या उन्हाळ्याचा धडा होता.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या साखळीत आणखी एक कडी जोडली गेली आहे. ती पाण्याइतकीच आवश्यक आहे आणि पाण्याइतकीच गृहीत धरली जाते. ती म्हणजे संगणक आणि त्याचे जाळे.

यंत्राच्या पोटातील संगणक

सीटी स्कॅन, एमआरआय, सोनोग्राफी, व्हेंटिलेटर, औषध थेंबाथेंबाने देणारा इन्फ्युजन पंप, अतिदक्षता विभागातील मॉनिटर, रक्ततपासणीचे स्वयंचलित यंत्र, या सर्वांच्या पोटात आज संगणक आहे. सीटी यंत्राने काढलेली चित्रे जाळ्यावरून सर्व्हरवर जातात आणि तेथून डॉक्टरांच्या पडद्यावर येतात. प्रयोगशाळेतील यंत्र आपला अहवाल थेट रुग्णाच्या नोंदीत भरते. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये सकाळी काढलेली चित्रे दुपारपर्यंत पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाने पाहून अभिप्राय पाठवावा, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. रुग्णाचा यात फार मोठा लाभ आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

अडचण निराळीच आहे. पेढीवरचा संगणक चार-पाच वर्षांनी बदलला जातो. सीटी किंवा एमआरआय यंत्र मात्र दहा-पंधरा वर्षे वापरायचे म्हणूनच घेतले जाते. ज्या संगणकप्रणालीवर ते चालते तिचे आयुष्य तितके नसते. विंडोज एक्सपीची सुरक्षा-सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. तरीही या प्रणालींवर चालणारी यंत्रे अनेक ठिकाणी सेवेत आहेत, कारण यंत्र ठणठणीत आहे आणि नवे घेणे परवडणारे नाही. शिवाय यंत्राची संगणकप्रणाली परस्पर बदलता येत नाही. उत्पादक कंपनीने तपासून मान्य केलेल्या स्थितीतच ते चालवावे लागते. साध्या संगणकावर विषाणूरोधक प्रणाली पाच मिनिटांत बसते. व्हेंटिलेटरवर तसे करता येत नाही.

अशा यंत्राकडे कोणी चोर मुद्दाम रोखून पाहत असतो, असे सहसा घडत नाही. बहुतेक वेळा विषाणू हिशेबाच्या किंवा नोंदणीच्या एखाद्या संगणकातून शिरतो आणि जाळ्यावरून पसरत पसरत यंत्रापर्यंत पोहोचतो. गोदामाच्या एका कोपऱ्यात ठिणगी पडावी आणि आग शेवटच्या थप्पीपर्यंत जावी, तसाच हा प्रकार असतो.

दिल्लीचे दोन आठवडे

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे एम्समधील, संगणक बंद पडले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रुग्ण रांगेत उभे होते आणि नोंदणी, तपासणीचे अहवाल, देयके यांपैकी काहीच पडद्यावर येत नव्हते. हा रॅन्समवेअरचा हल्ला होता. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर प्रणाली. ती संगणकातील माहितीला न उघडणारे कुलूप लावते आणि किल्लीसाठी पैसे मागते. दोन दिवसांनी दिल्ली पोलिसांनी खंडणी व सायबर दहशतवादाचा गुन्हा नोंदवला.

पुढे केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही प्रत्येक रुग्णालयाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली गोष्ट नुकसानीच्या कारणाची. पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, याचे कारण संस्थेच्या जाळ्याचे योग्य विभाजन झालेले नव्हते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याच्या दारांना कड्याच नव्हत्या. दुसरी गोष्ट सुटकेची. ई-हॉस्पिटल प्रणालीची सगळी माहिती परत मिळाली, कारण तिची प्रत ठेवलेल्या एका सर्व्हरला हल्ल्याची झळ पोहोचली नव्हती. ती प्रत नव्या सर्व्हरांवर उतरवण्यात आली. तरीही बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. तोवर देशातील सर्वांत नामवंत रुग्णालय कागद आणि पेन यांच्या आधारावर चालत होते.

यंत्रांपर्यंत विषाणू पोहोचतो याचा पुरावा त्याच्याही आधीचा आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला त्याचा मोठा तडाखा बसला. तेथील लेखापरीक्षकांच्या अहवालानुसार इंग्लंडमधील २३६ आरोग्य न्यासांपैकी किमान ८१ न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले आणि निदानाची १,२२० यंत्रे बाधित झाली. सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज मांडला गेला. ज्या छिद्रातून विषाणू शिरला ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, विनामूल्य दिलेली होती. औषध कपाटात होते, ते घेण्याचे राहून गेले होते.

उघडी राहिलेली दारे

महाराष्ट्राचे नावही या विषयात यापूर्वीच जगापुढे आले आहे. ग्रीनबोन या जर्मन संस्थेने २०१९-२० मध्ये जगभरातील वैद्यकीय चित्रांच्या सर्व्हरांची पाहणी केली. एक्स-रे, सीटी, एमआरआय यांची चित्रे ज्या सर्व्हरवर साठवली जातात त्यांपैकी किती सर्व्हर इंटरनेटवर विनाकुलूप उघडे आहेत, एवढेच तिने पाहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भारतातील राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. राज्यातील तीन लाखांहून अधिक तपासण्यांच्या नोंदी आणि त्यांतील जवळजवळ सात कोटी चित्रे कोणालाही पाहता येतील अशा स्थितीत होती. त्यांसोबत रुग्णांची नावे, जन्मतारखा अशी माहितीही होती.

येथे कोणी चोरी केली नव्हती, कोणी कुलूप फोडले नव्हते. यंत्र बसवताना ज्या पद्धतीने जोडले गेले तसेच ते राहिले, इतकेच. छोट्या शहरांतील रुग्णालयांत अशी दारे बहुधा चार कारणांनी उघडी राहतात. यंत्रासोबत कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीच बदलला जात नाही. देखभाल करणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याला दूरवरून यंत्रात शिरता यावे म्हणून केलेली जोडणी काम संपल्यावरही चालू राहते. स्वागतकक्षातील संगणक, पाहुण्यांचे वाय-फाय आणि अतिदक्षता विभागातील मॉनिटर एकाच जाळ्यात गुंफलेले असतात. चौथे कारण पेनड्राइव्हचे. रुग्णाचे नातेवाईक चित्रे नेण्यासाठी आपला पेनड्राइव्ह पुढे करतात आणि तंत्रज्ञ तो भिडस्तपणे थेट सीटी यंत्राच्या संगणकाला लावतो. ज्या घरांत पाणी गाळल्याखेरीज ओठाला लावले जात नाही, त्या घरांना या शेवटच्या सवयीतील धोका अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. बाहेरून आलेले जे काही आहे ते गाळूनच आत घ्यावे, हा नियम पाण्याइतकाच माहितीलाही लागू पडतो.

शरीरात बसवलेल्या उपकरणांविषयीही अनेक कुटुंबांत काळजी असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या प्रणालीत सुरक्षा-सुधारणा करण्यास मान्यता दिली, तेव्हा तेथेही अशीच चिंता पसरली होती. त्यासाठी शस्त्रक्रियेची गरज नव्हती. डॉक्टरांकडे जाऊन काही मिनिटांत ती सुधारणा करून घेता येत होती आणि त्या दोषामुळे कोणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद तोवर नव्हती. घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत पेसमेकर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. नियमित तपासणी चुकवू नये आणि त्या वेळी अशा सुधारणेबद्दल डॉक्टरांना विचारावे, इतके पुरेसे आहे.

अंतराचा प्रश्न

सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयावर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि तेथील तातडीचा विभाग बंद ठेवावा लागला. अत्यवस्थ स्थितीतील एका महिलेला सुमारे तीस किलोमीटरांवरील वुपरटालला न्यावे लागले. उपचारांना उशीर झाला आणि तिचा मृत्यू झाला. हल्ल्यामुळेच मृत्यू ओढवला, हे पुढील तपासात सिद्ध होऊ शकले नाही. परंतु तीस किलोमीटरांचे अंतर हा तेव्हा साऱ्या युरोपात चर्चेचा विषय झाला.

नांदेडहून छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठायचे तर सुमारे अडीचशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक प्रवास करावा लागतो. लातूरच्या रुग्णाला सोलापूर त्यातल्या त्यात जवळ, पण तेही शंभर किलोमीटरांच्या पलीकडे. नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नांदेडसह हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि सीमेपलीकडील तेलंगणातूनही रुग्ण येतात. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेवरही आसपासच्या तालुक्यांचा असाच भार आहे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तिचा संगणकांशी काही संबंध नव्हता. मनुष्यबळ, औषधे आणि क्षमतेपलीकडचा भार यांची चर्चा तेव्हा झाली. तरी मराठवाड्यातील मोठी रुग्णालये किती ताणलेल्या अवस्थेत चालतात, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळले. अशा प्रदेशात एखाद्या खासगी रुग्णालयाचे सीटी यंत्र किंवा अतिदक्षता विभाग आठ दिवस बंद पडला, तर तेथील रुग्णांनी जावे कोठे? शेजारच्या रुग्णालयात रिकामी खाट असेलच असे नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ती राज्यभर चालते. तिच्यातील मंजुरी ऑनलाइन होते. संगणक बंद पडला की यंत्राबरोबर गरीब रुग्णाच्या उपचारांची मंजुरीही खोळंबते.

कारण कोणतेही असो

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगराचा वीजपुरवठा खंडित झाला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि रुग्णालये जनरेटरवर आली. काही महिन्यांनी राज्य सरकारने यामागे सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. मतभेद राहिला. त्या सकाळी व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र प्रश्न एकच होता : जनरेटर सुरू होतो की नाही?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती झाली. नळ्यांतील दाब घसरला आणि व्हेंटिलेटर सुस्थितीत असूनही बावीस रुग्णांना प्राण गमवावे लागले. तेथे कोणी सायबर चोर नव्हता. सारे रुग्ण एकाच टाकीवर अवलंबून होते आणि ती निकामी होताच पुढचा मार्ग उरला नाही.

दुष्काळ, वीज, गळती, पूर, भूकंप किंवा खंडणीखोर विषाणू, कारण काहीही असले तरी रुग्णालयापुढील प्रश्न तीनच असतात. हे यंत्र बंद पडले तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे? पुढच्या पाच दिवसांत काय करायचे? आणि गेलेले परत कसे आणायचे? या तीन प्रश्नांची आधी लिहून ठेवलेली आणि आधी करून पाहिलेली उत्तरे, यालाच आपत्तीनंतरच्या पूर्वपदाचे नियोजन म्हणतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे लातूरकरांना कोणी नव्याने शिकवायला नको.

वहीची शिस्त

या नियोजनाचे मूळ तत्त्व व्यापारी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रोजमेळ एकीकडे, खतावणी दुसरीकडे. दुकानाला आग लागली तरी उधारी बुडू नये म्हणून महत्त्वाची वही रात्री घरी नेण्याची जुनी रीत. संगणकाच्या जगात हाच नियम ‘तीन-दोन-एक’ या नावाने सांगितला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दूर अन्य ठिकाणी असावी. रॅन्समवेअरच्या काळात त्याला एक पुरवणी जोडावी लागते : एक प्रत कोणत्याही जाळ्याला न जोडलेली, सुटी असावी. जी प्रत सतत जोडलेली असते तिलाही खंडणीखोर कुलूप लावतात.

प्रत कशाची ठेवायची, हाही प्रश्न आहे. रुग्णांच्या नोंदी आणि चित्रे तर झालीच, त्यांखेरीज प्रत्येक यंत्राची मांडणी, मोजमापाच्या दुरुस्तीच्या फायली, जाळ्यावरील पत्ता, परवान्याची किल्ली आणि प्रणाली पुन्हा बसवण्याचे साधन हेही जपावे लागते. हे हाताशी नसेल तर कंपनीचा माणूस हैदराबादहून किंवा पुण्याहून येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दूरची प्रत कोठे ठेवावी, याचे उत्तर मराठवाड्याच्या भूगोलातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे भुईसपाट केली. हजारो लोक झोपेतच गेले. पोरक्या झालेल्या सुमारे बाराशे मुलांना शांतीलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने पुण्यास नेऊन शिकवले, ही आठवण समाजात आजही ताजी आहे. असा भूकंप झाला तर त्याच शहरातील दुसऱ्या इमारतीत ठेवलेली प्रतही वाचेलच याची शाश्वती नसते. नांदेडचे भय वेगळे आहे. तेथे गोदावरी चढली की पाणी सखल वस्त्यांत शिरते आणि तळघरात ठेवलेले सर्व्हर व जनरेटर सर्वांत आधी बुडतात. परंतु लातूरचा भूकंप आणि नांदेडचा पूर एकाच रात्री येण्याचा संभव फार थोडा. लातूरच्या रुग्णालयाने आपली कुलूपबंद केलेली प्रत नांदेडच्या विश्वासू रुग्णालयात ठेवावी आणि नांदेडच्या रुग्णालयाने लातुरात. एकमेकांच्या पेढीवर हुंडी वटवणाऱ्या समाजाला हा व्यवहार अवघड वाटू नये.

प्रतीपेक्षाही अधिक दुर्लक्षित राहते ती सरावाची बाब. संगणक बंद पडल्यावर वापरायचे छापील कागद प्रत्येक विभागात असावेत : दाखल करण्याचा, औषध देण्याचा, तपासणी मागवण्याचा आणि अहवाल नोंदवण्याचा. प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रावर त्याचा पर्याय लिहिलेला असावा. व्हेंटिलेटरशेजारी हाताने दाबायची श्वासपिशवी टांगलेली असावी. इन्फ्युजन पंप बंद पडल्यास थेंब मोजून औषध देण्याचे गणित परिचारिकेला तोंडपाठ असावे. आणि वर्षातून दोनदा, शांत दिवस पाहून, एखाद्या विभागाचे संगणक ठरवून तासभर बंद करून याची रंगीत तालीम व्हावी. प्रत ठेवलेली आहे एवढे पुरेसे नाही. ती उघडते का आणि उघडायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून पाहावे लागते. न तपासलेली प्रत ही न मोजलेल्या गल्ल्यासारखी असते. ऐन वेळी ती किती निघेल हे कोणीच सांगू शकत नाही.

यंत्राचे दान आणि यंत्राची काळजी

मराठवाड्यातील अनेक धर्मादाय रुग्णालयांत भिंतीवर संगमरवरी फलक दिसतात. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ डायलिसिस यंत्र दिलेले असते, कोणी मातोश्रींच्या नावे सोनोग्राफी यंत्र, कोणी करोनाच्या काळात प्राणवायूची यंत्रे. औषधदानाला परंपरेने जे स्थान दिले आहे, त्याचेच हे आजचे रूप. परंतु फलकावर नाव कोरले गेले की दात्याचा संबंध बहुधा संपतो. यंत्राची हमी तीन-पाच वर्षांत सरते, वार्षिक देखभालीचा करार परवडत नाही म्हणून राहून जातो, प्रणालीची सुधारणा कोणी मागत नाही. गाय दान द्यायची आणि चाऱ्याची सोय पाहायची नाही, असा हा व्यवहार होतो.

यावर उपाय साधा आहे. यंत्र देतानाच त्याच्या देखभालीची, सुरक्षा-सुधारणांची आणि प्रतीच्या साठवणुकीची रक्कम वेगळी बांधून द्यावी. नवे यंत्र विकत घेताना कंपनीकडून लेखी घ्यावे की संगणकप्रणालीच्या सुधारणा किती वर्षे मिळतील. फलकावर एक ओळ कमी आली तरी चालेल; यंत्र दहाव्या वर्षीही चालते राहिले तर ते दान खऱ्या अर्थाने फळले.

विश्वस्तांची जबाबदारी यापेक्षाही मोठी आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संगणक हा तंत्रज्ञाचा विषय आहे असे म्हणून विश्वस्त मंडळाला आता अंग काढून घेता येणार नाही. जमाखर्चाचे लेखापरीक्षण जसे दरवर्षी होते, तसेच याचेही झाले पाहिजे. त्यासाठी तांत्रिक ज्ञान असण्याची गरज नाही. मंडळाच्या पुढच्याच बैठकीत पुढील प्रश्न विचारले आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवली, तरी आरंभ होईल.

१. रुग्णालयात जाळ्याला जोडलेली यंत्रे किती, त्यांची यादी कोठे आहे आणि ती शेवटी केव्हा तपासली?
२. यंत्रांचे जाळे हिशेबाच्या व पाहुण्यांच्या जाळ्यापासून वेगळे आहे का?
३. कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलले आहेत का? बाहेरच्या कंपनीची दूरजोडणी कामापुरतीच उघडते ना?
४. माहितीची सुटी प्रत कोठे आहे? ती शेवटी कोणत्या तारखेला उघडून पाहिली?
५. उद्या सकाळी सर्व संगणक बंद पडले तर अतिदक्षता विभागात पहिली पाच मिनिटे कोण काय करील?
६. आपले यंत्र बंद असताना आपले रुग्ण घेण्याचे कोणत्या रुग्णालयाने लेखी मान्य केले आहे?
७. घटना घडल्यास सहा तासांत कळवण्याची जबाबदारी कोणाची आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोणाची?

यांपैकी एकाही प्रश्नाच्या उत्तराला मोठा खर्च येत नाही. यादी करायला कागद लागतो, जाळे वेगळे करायला एखादे उपकरण आणि जाणकार माणसाचे दोन दिवस, सरावाला एक तास. खर्च असतो तो लक्ष देण्याचा.

दिवाळीत पेढीवर नव्या वहीची पूजा होते, कारण वही म्हणजे केवळ आकडे नसतात. इतरांनी आपल्यावर टाकलेला विश्वास तीत लिहिलेला असतो. रुग्णालयातील यंत्राच्या पोटातही असाच कोणाचा तरी विश्वास साठवलेला आहे. हिंगोलीहून रात्रीची बस धरून आलेल्या शेतकऱ्याचा, औशाच्या आजीचा, जन्मून दोन दिवस झालेल्या बाळाचा. त्यांना सर्व्हर म्हणजे काय हे ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही. ते जाणण्याची आणि जपण्याची जबाबदारी ज्यांनी विश्वस्त म्हणून सही केली आहे, त्यांची आहे.